तार तुटलीय की उचलत नाही?

"थोडक्यात विचारा, आजी, थोडक्यात!"... अहो, थोडक्यातच विचारत होते की! अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईनं सात पानांचा प्रश्न लिहून आणला तर त्यात काय आभाळ कोसळलं, तुम्हीच सांगा. समोर खुर्चीत बसलेल्या त्या लेखकानं तीनशे वीस पानं लिहिलीत, त्याला कोणी म्हणालं का, बाबा रे, थोडक्यात लिही म्हणून? नाही! त्याला टाळ्या, त्याला लिंबाचं सरबत, त्याला फुलं. आणि मला घड्याळ! अन् माझा प्रश्न तरी किती? माझा प्रश्न एकच होता.

तुम्हाला सांगते, हे सगळं सुरू झालं एप्रिलात. आमच्या वाचनमंदिराची नवी सचिव आहे, बिल्याना, वय बत्तीस, हातात सदानकदा कॉफीचा कागदी कप, तिच्या डोक्यात आलं की नदीकाठच्या या गावाला मेंदू कळला पाहिजे. म्हणजे कसं, की अधूनमधून एका गुरुवारी, संध्याकाळी सहाला, मेंदूवर पुस्तक लिहिलेला एखादा लेखक बोलवायचा, त्याला स्टेजवर बसवायचं, बिल्यानानं त्याच्याशी गप्पा मारायच्या आणि गावानं खाली बसून मेंदू समजून घ्यायचा. नाव काय, तर 'मेंदूशी गप्पा'. मी म्हटलं, पोरी, मेंदूशी गप्पा मारायच्या तर तो समोरच्याला असावा लागतो. ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय.

मी पहिल्या रांगेत. वही, दोन पेन्सिली, दोन चष्मे, एक लांबचं बघायला आणि एक लेखकाकडे बघायला. शाळा माझी सातवीपर्यंत, पुढची मी स्वतः शिकले. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, कानाला हेडफोन, मांडीवर पुस्तक, दोन ट्रंक कॉलांच्या मध्ये एक पान, असं करत करत मी वाचनमंदिराची तीन कपाटं संपवली. आणि गेल्या दीड वर्षात मेंदूची अकरा पुस्तकं, प्रत्येकाच्या समासात माझ्या पेन्सिलीनं 'खोटं', 'हे आधीच सांगितलंस' आणि 'मग काय करू ते बोल' असं लिहिलेलं. बिल्याना म्हणते पुस्तकं खराब केलीत. मी म्हणते सुधारली.

आता प्रश्न काय होता ते सांगते, नाहीतर तुम्हीही म्हणाल आजी थोडक्यात.

मला एक बहीण आहे. पेत्काना. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, आणि ही तीन वर्षं तिनं मला जन्मभर ऐकवलीत. तिचं घर आणि माझं घर यांच्यात एक कुंपण आणि एक तुतीचं झाड. चौदा ऑक्टोबर हा तिचा नामदिन, म्हणजे जिचं नाव तिला ठेवलंय त्या संतिणीचा सण. आता नामदिनाला आमच्याकडे कोणी कोणाला बोलवत नाही, ज्याला यायचं तो येतो, दार उघडंच असतं, आणि आला त्याला बसवायचं, खाऊ घालायचं, मग तो वैरी का असेना. नामदिनाला दारातून कोणाला हाकलल्याचं माझ्या आजीनं ऐकलं नव्हतं, तिच्या आजीनंही नव्हतं. ते मी ऐकलं! सात वर्षांपूर्वी. आणि कशावरून? गाजरावरून!

हसू नका. मी गेले होते बानित्सा घेऊन, पापुद्रे असे की फुंकर मारली तर उडतील, आत चीज, अंडी, आणि ती कशात? आईच्या थाळ्यात. तांब्याचा, आतून कल्हईचा, आईनं जाताना माझ्या हातात दिलेला थाळा. पेत्काना म्हणते तिच्या हातात. पण तो माझ्या घरी होता, म्हणजे कोणाच्या हातात दिला ते उघड आहे. तर मी गेले, बसले, टेबलाभोवती चौदा माणसं, आणि पेत्कानानं नवी ल्युतेनित्सा काढली. सप्टेंबरात अख्खं गाव अंगणात लाल मिरच्या भाजतं, सोलतं, टोमॅटोबरोबर रटरटा शिजवतं आणि बरण्या भरून ठेवतं, तशी तिनंही केली होती. मी पावाला लावून एक घास घेतला. गोड! मी काही भांडले नाही हो. मी फक्त म्हटलं, "पेत्काना, यात गाजर आहे."

ती म्हणाली, "असेल."

मी म्हटलं, "आई नव्हती घालत."

"घालायची."

"गाजर आई सशांना घालायची, पेत्काना."

झालं. एवढंच. तुम्हीच सांगा, यात लागण्यासारखं काय आहे? ती उभी राहिली, दाराकडे बोट केलं आणि म्हणाली, "नीघ इथून!" नामदिनाला! चौदा माणसांसमोर! मी उठले. मी स्वाभिमानी बाई. आणि उठताना टेबलावरचा थाळा उचलला, बानित्सेसकट. चौदा माणसांचे काटे हवेत तसेच राहिले. शेजारचा गेंचो तर आपला तुकडा काट्याला लावून दारापर्यंत माझ्या मागं आला. पण थाळा आईचा, आणि माझा. गेले!

मग सहा वर्षं बोलणं नाही. कुंपणापलीकडून ती खोकायची, अलीकडून मी खोकायची, एवढाच व्यवहार. आणि गेल्या वर्षी मार्चात तिला झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालते, आणि बोलणं... बोलणं सगळं गेलं. सगळं म्हणजे सगळं. पेत्काना! जी बाई दळणाच्या रांगेत उभी राहिली की पीठ व्हायच्या आत तीन संसार दळून टाकायची! तिला आता 'पाणी' म्हणता येत नाही, लेकीचं नाव घेता येत नाही. फक्त एक वाक्य उरलं. कोणतं?

"नीघ इथून!"

डॉक्टर तपासायला आला: "नीघ इथून!" पाद्री प्रसाद घेऊन आला: "नीघ इथून!" मांजर, पोस्टमन, टीव्हीवरचा पंतप्रधान, सगळ्यांना एकच. डॉक्टर म्हणाला, "असं होतं, आजी. एखादाच शब्द शिल्लक राहतो आणि तोच रेकॉर्डसारखा वाजत राहतो. मनावर घेऊ नका."

मनावर घेऊ नका! अरे, ऐंशी वर्षांत ती बाई किती हजार शब्द बोलली असेल, त्यातले 'ये', 'बस', 'जेवलीस का' हे सगळे वाहून गेले आणि हाच बरा तरला? आणि हा माझा आहे! मला दिलेला! चौदा साक्षीदार आहेत! तो ती आता पोस्टमनला वाटत फिरते...

ती इस्पितळातून घरी आली त्या दिवशी मी कोंबडीचं सूप घेऊन फाटकापर्यंत गेले होते, बरं का. सहा वर्षांनंतर मी गेले. तिला अंगणात खुर्चीत बसवलं होतं, गुडघ्यावर शाल, तिनं मान वळवली, मला बघितलं आणि... ऐकायचंय काय म्हणाली? सूप मीच प्यायले.

तर आता ऐका, मी एक्स्चेंजची बाई. फोन लागत नाही याची कारणं दोनच. एक, तार तुटलीय. दोन, तार शाबूत आहे, पलीकडे घंटी वाजतेय, पण माणूस मुद्दाम उचलत नाही. पहिलं असेल तर लाइनमनला पाठवायचं, दुसरं असेल तर गिऱ्हाइकाला सांगायचं, दादा, घरी जा. हे एवढं साधं आहे. तशी पेत्काना मला 'नीघ' म्हणाली, ती तार तुटलीय म्हणून म्हणाली, की मनापासून म्हणाली? तार तुटली असेल तर कसला मान आणि कसला अपमान, मी आत्ता कुंपण ओलांडते. पण तार शाबूत असेल तर मी जायची नाही. मेले तरी नाही. हे मला कोण सांगणार? ज्यांनी मेंदूवर पुस्तकं लिहिली तेच ना? म्हणून मी गेले हो त्या गुरुवारांना. नाहीतर मला काय हौस! माझा प्रश्न एकच होता.

पहिला आला लुचेझार. राजधानीहून, सोफियाहून. तिशीतला, पायात बूट, बुटात मोजे नाहीत. एप्रिलात आमच्या डॅन्यूबवरून असा वारा येतो की बदकं स्वेटर मागतात, आणि हा घोटे उघडे टाकून बसलाय! ज्याला घोटे झाकायचं सुचत नाही तो मला मेंदू सांगणार. तर तो म्हणाला, "तुमचा मेंदू तुम्हाला क्षणोक्षणी फसवत असतो."

मी हात वर केला. "हे तुला कोणी सांगितलं?"

"संशोधनानं, आजी."

"आणि ते संशोधन कशानं केलं? गुडघ्यानं?"

लोक हसले. बिल्याना म्हणाली, "स्तामेनाआजी, प्रश्न शेवटी घेणार आहोत." ठीक. शेवटी तर शेवटी. मी थांबले. त्यानं तासभर सांगितलं की मेंदू म्हणजे संगणक. मी तिशीत होते तेव्हा लोक म्हणायचे मेंदू म्हणजे टेलिफोन एक्स्चेंज. मी आत बसलेली होते हो त्या एक्स्चेंजात, तिथं मेंदू कोणालाच नव्हता, साहेबाला तर मुळीच नाही! ...असो. शेवटी बिल्याना म्हणाली, "आता प्रश्न," आणि मी पानं सरळ करेपर्यंत मागून आवाज आला, "स्मरणशक्तीसाठी काय खावं?"

गेंचो! तोच तो काटेवाला. वाचनमंदिरात हीटर आहे म्हणून येणारा माणूस. त्याच्या अंगणात अक्रोडाचं झाड आहे, लेखक काय उत्तर देणार हे त्याला ठाऊक आहे, त्याला फक्त ते सोफियाच्या तोंडून ऐकायचंय. "अक्रोड!" लुचेझार म्हणाला. मग काय, पंधरा मिनिटं अक्रोड. ओले की सुके, सालासकट की सोलून, मधातले की नुसते. वेळ संपली! मी स्टेजवर चढले, त्याच्यासमोर पुस्तक धरलं, प्रश्न सांगायला तोंड उघडलं, तोवर यानं सहीच केली. वर लिहिलं, 'प्रिय स्तामेना, आपल्या मेंदूवर प्रेम करा.' मी म्हटलं, "माझ्या मेंदूचं मी बघते, तू बहिणीच्या मेंदूचं बोल." तर म्हणतो, "बारावं प्रकरण वाचा." वाचलं घरी जाऊन. बारावं प्रकरण झोपेवर!

दुसरा जूनमध्ये. तो तर आलाच नाही, पडद्यावर दिसला. कुठल्याशा परदेशातला मोठा प्राध्यापक, मागं पुस्तकांची भिंत, मांडीवर कुत्रा. मधूनमधून चित्र गोठायचं, त्याचं तोंड उघडं राहायचं आणि कुत्रा मात्र हलायचा. हे कसं होतं ते मला अजून कळलेलं नाही. बिल्याना त्याचं बोलणं आमच्या भाषेत सांगत होती. या वेळी मी शहाणपण केलं, सातची दोन पानं केली आणि गेंचोच्या बरोबर पुढच्या खुर्चीत बसले. तो उठायला लागला की मी खुर्ची मागं ढकलायची. त्यामुळं प्रश्न मला मिळाला! मी उभी राहिले आणि सगळं वाचलं, नामदिन, गाजर, थाळा, झटका, तार, सगळं. बिल्यानानं ऐकून घेतलं, मान हलवली, पडद्याकडे वळली आणि त्याच्या भाषेत बोलली... किती? मी ओठ मोजले. सहा शब्द! दोन पानांचे सहा शब्द!

प्राध्यापक खूश झाला. एकच शब्द म्हणाला.

बिल्यानानं सांगितलं, "सर म्हणतात, हो, फारच."

"हो, फारच काय?"

"तुम्ही विचारलंत ना, की मेंदूसाठी कुटुंब महत्त्वाचं आहे का."

मी विचारलं?! मी असलं काही विचारलं? तुम्हाला सांगते, एकतीस वर्षांत माझ्या कानाखालून या गावाचं सगळं गेलं, बाळंतपणं, मयती, मोडलेली लग्नं, नवऱ्यापासून चोरून केलेले कॉल, आणि एका माणसाचा एक शब्द मी बदलला नाही! 'ताबडतोब या' असेल तर 'ताबडतोब या'. 'सवडीनं या' म्हटलं नाही कधी, भले त्यांना जड जाणार असलं तरी. ऑपरेटरनं मध्ये स्वतःचं घालायचं नसतं! मी तसं बिल्यानाला म्हटलं. ती म्हणाली, "आजी, त्यांच्याकडे कमी वेळ होता, मी भावार्थ सांगितला." भावार्थ! ल्युतेनित्सेतलं गाजरसुद्धा भावार्थच असेल मग!

आणि पाठीमागून गेंचो: "सरांना विचारा, अक्रोड चालतील का." स्मरणशक्तीसाठी विचारतोय, आणि एप्रिलात विचारलेलं आठवत नाही!

उन्हाळा गेला. सप्टेंबरात मिरच्यांचा धूर उठला. कुंपणापलीकडून पेत्कानाची लेक रोसित्सा ओरडली, "मावशी, यंदा तरी नामदिनाला येणारेस का? आई रोज कुंपणाकडे बघत बसते."

"कुंपणाकडे बघते की तुतीकडे?"

"मला काय माहीत?"

"मग विचार तिला!"

"कशी विचारू, मावशी? विचारलं की मलाच 'नीघ इथून' म्हणते!"

बघा. हेच तर! पोटच्या पोरीला सांगता येत नाही, आणि मी विचारते तर म्हणे थोडक्यात.

शेवटचा गुरुवार आला तेरा ऑक्टोबरला. म्हणजे दुसऱ्या दिवशी नामदिन. मी ठरवून टाकलं, आज उत्तर मिळालं तर मिळालं, नाहीतर आठवं वर्ष असंच जायचं, आणि एक्क्याऐंशीच्या बाईला नववं-दहावं किती मिळणार आहेत ते तुम्हीही जाणता. लेखिका येणार होती या वेळी, डॉक्टर इस्क्रा मिहोवा, तीस वर्षं झटका आलेल्यांनाच तपासणारी, त्यावरच पुस्तक लिहिलेली. मी मनात म्हटलं, आता कशी सुटतेस.

पण बिल्यानाचा कारभार! प्रिंटरची रंगीत शाई संपली म्हणून बाईंचा फोटो छापला काळापांढरा, खाली नाव, तारीख आणि वेळ, आणि कागद चिकटवला कुठं? वाचनमंदिरासमोरच्या लिंडनच्या झाडावर. अहो, त्या झाडावर आम्ही मेलेल्यांचे कागद लावतो! काळापांढरा फोटो, नाव, तारीख, अमुक वाजता निरोप. तीस वर्षांचं जुनं झाड आहे ते त्यासाठी! शाईनं नाही निदान डोक्यानं तरी... तर लोकांनी वाचलं, 'डॉक्टर इस्क्रा मिहोवा, गुरुवार, सहा वाजता', आणि लोक हळहळले. कोण होती, कोणाची होती, चेहरा किती सालस होता. संध्याकाळी नऊ माणसं आली, त्यात दोघींच्या हातात शेवंतीची फुलं, चार-चार! जिवंत माणसाला आम्ही फुलं विषमच देतो, तीन, पाच, सात. सम फुलं कोणासाठी ते लहान पोरालाही ठाऊक आहे. आणि गेंचो आत आला, टोपी काढली, दारात उभ्या असलेल्या एका बाईचा हात हातात घेतला आणि गंभीरपणे म्हणाला, "देव त्यांना शांती देवो. तुम्ही त्यांच्या कोण?"

ती बाई म्हणाली, "मीच ती."

पन्नाशीची, बुटकी, नाकाला सर्दी, बसनं भिजत आलेली, पायात लोकरीचे मोजे. मोजे बघितल्यावर मला जरा धीर आला. स्टेजवर बसली, बिल्यानाचा चेहरा शेंदरासारखा. "मॅडम, मेंदू इतका अद्भुत आहे, नाही का?" बाई म्हणाली, "असतो. बिघडला की कळतं." मग अक्रोड. गेंचोनं विचारलंच. बाईनं नाक पुसलं आणि म्हणाली, "चवीला छान असतात. खा." संपलं! दोन शब्दांत अक्रोड संपले! मी अशी झटकन उभी राहिले की गुडघा वाजला.

बिल्याना: "स्तामेनाआजी, थोडक्..."

बाई म्हणाली, "बोलू द्या त्यांना. परतीची बस आठला आहे."

मी सातच्या सात पानं वाचली. गाळलं काही नाही. बाई मध्ये एकदा शिंकली, तेवढंच. वाचून झालं आणि मी म्हटलं, "तर आता सांगा. तार तुटलीय, की उचलत नाही?"

ती म्हणाली, "मला माहीत नाही."

...ऐकलंत? माहीत नाही! अकरा पुस्तकं, तीन लेखक, चार गुरुवार, त्यातला एक बिल्याना आजारी म्हणून रद्द, आणि उत्तर काय, तर माहीत नाही! मी म्हटलं, "बाई, तीस वर्षं तुम्ही हेच बघता, पुस्तक लिहिलंत, आणि मला सांगता माहीत नाही?"

ती म्हणाली, "आजी, तुमच्या गावात मी सकाळपासून मेलेली आहे. मेलेल्या माणसानं खोटं कशाला बोलावं? शब्द एका जागी राहतात, आणि सूर बऱ्याचदा दुसऱ्या जागी. शब्द जातात, एखादा रिकामा उरतो, पण सूरही रिकामा झाला असेलच असं नाही. मला सांगा, ती म्हणते ते कोणत्या सुरात म्हणते? डॉक्टरला कसं, मांजराला कसं, तुम्हाला कसं?"

मी म्हटलं, "मला... ते फाटकातून ऐकलं."

"किती वेळा?"

"एकदा."

"कधी?"

"गेल्या वर्षी. मार्चात."

"आणि तेव्हापासून काय केलंत?"

"पुस्तकं वाचली."

आणि गेंचो, तो मेला गेंचो, खदखदून हसला! "कुंपण बारा पावलांवर आहे, स्तामेना! तुझे पाय गेलेत की मेंदू?"

बाईनं त्याच्याकडे बघितलं नाही. ती मलाच म्हणाली, "तुम्ही म्हणालात तुम्ही एक्स्चेंजमध्ये होतात. पलीकडे माणूस आहे की नाही, हे कसं ओळखायचात?"

मी म्हटलं, "कानानं! श्वासावरून! 'हॅलो' म्हणायच्या आधी मला कळायचं कोण आहे आणि कसल्या मनःस्थितीत आहे."

"मग मला कशाला विचारताय?"

मी बसले. रागानं कान तापले होते माझे. म्हणजे उत्तर माझ्याकडंच होतं, आणि मी ते सात पानांत लिहून दुसऱ्यांना विचारत हिंडत होते! एखाद्या बाईनं चष्मा डोळ्यांवर ठेवून घरभर चष्मा शोधावा, तसं. आणि अकरा पुस्तकांत हे एकानंही लिहिलं नाही की, बये, ऊठ आणि जाऊन ऐक. लिहिलं असतं तर पुस्तक एका ओळीचं झालं असतं, म्हणून नसेल लिहिलं. जाता जाता बाईला मी शेवंतीची फुलं दिली, त्या दोघींच्या आठांतलं एक काढून. सात. जिवंतांची.

चौदा तारीख. मी बानित्सा केली. थाळ्यात. बारा पावलं, गेंचोनं मोजली होती ती बरोबर निघाली, आणि फाटक उघडंच होतं, नामदिनाला असतंच. अंगणात ऊन, टेबल बाहेर मांडलेलं, सात-आठ शेजारी, आणि मधोमध खुर्चीत पेत्काना. बारीक झालीय हो. केस रोसित्सानं विंचरलेले, डावा हात टेबलावर, उजवा मांडीत, नको असलेल्या पोरासारखा.

मी तिच्याजवळ गेले नाही. आधी टोकाला बसले, डोळे मिटले आणि कान लावले. एकतीस वर्षांचा कान. पाद्री आला. "नीघ इथून," पेत्काना म्हणाली, आणि अहो, काय गोड! जशी 'यावं बाबा, बसावं' म्हणावी तशी. मांजर आलं: "नीघ इथून," पुटपुटत, सवयीनं. पोस्टमननं फुलं दिली, पाच. "नीघ इथून!" आणि शेवटी सूर वर, लाजल्यासारखा, ऐंशी वर्षांची बाई! सूर सगळे जागच्या जागी. शब्द एक आणि त्याच्यात सगळं कोंबलेलं, एकाच पिशवीत अख्खा बाजार. रोसित्साला म्हणाली तेव्हा तर मला स्पष्ट ऐकू आलं, 'अगं, मीठ आण'. आणि रोसित्सा मीठ आणायला गेलीसुद्धा! दीड वर्षात तिचं तिलाही कळलं नव्हतं की ती ऐकतेय.

मग मी उठले. थाळा घेऊन समोर उभी राहिले. गेंचोनं काटा आधीच हातात घेतला होता. पेत्कानानं मान वर केली, माझ्याकडे बघितलं, थाळ्याकडे बघितलं, परत माझ्याकडे. आणि म्हणाली,

"नीघ इथून!"

तुम्हाला सांगते, तो सूर मी हजारांत ओळखेन. तोच! सात वर्षांपूर्वीचा, जसाच्या तसा, मागची धार, शेवटचा झटका, नाकपुड्यासुद्धा तशाच. सगळ्या गावाला नुसता शब्द, आणि मला अर्थासकट! ती विसरलेली नाही! काही विसरलेली नाही, गाजर नाही, ससा नाही, चौदा माणसं नाहीत. तार शाबूत होती, पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत शाबूत! आणि ती उचलत होती. उचलूनच शिव्या घालत होती!

आता मी ठरवलं होतं ना, तार शाबूत असेल तर जाणार नाही म्हणून? ठरवलं होतं. पण मी आधीच गेलेली होते, हे माझ्या लक्षात आलं नाही. मी म्हटलं, "बरं, निघते," आणि सवयीनं थाळा उचलायला हात घातला... तर हलेना. बघते तर पेत्कानाचा डावा हात. चांगला हात. थाळ्याच्या कडेवर असा घट्ट रोवलेला की नखं पांढरी.

"नीघ इथून," ती म्हणाली. पण हळू. आणि ओढला थाळा स्वतःकडे.

मी ओढला. तिनं ओढला. अंगण बघतंय. दीड वर्षात तिच्या हातात एवढा जोर रोसित्सानंही बघितला नव्हता, ती रडायला लागली. मग मी सोडला. काय करणार? आजारी बाईशी ओढाओढ करू? शेजारची खुर्ची ओढून बसले. नामदिनाला हाकलता येत नाही म्हणावं, कायदा आहे. तिनं पावाला ल्युतेनित्सा लावली, डाव्या हातानं, वाकडीतिकडी, आणि माझ्यापुढं ढकलली. मी खाल्ली.

गाजर होतं. पहिल्यापेक्षा जास्त होतं! आणि मी काही बोलले नाही. लेखकांनो, याच्यावर लिहा तुमचं बारावं प्रकरण!

आता रोज जाते. सकाळी दहाला. दारातच "नीघ इथून", बसल्यावर "नीघ इथून", उठायला लागले की तर इतक्या चढ्या आवाजात "नीघ इथून" की मला परत बसावं लागतं. कोणतं कशासाठी ते मी आता रोसित्सालाही शिकवते. बिल्याना तिथंच विचारायला आली होती, पुढच्या वर्षी 'मेंदूशी गप्पा'त तुम्हीच बोलाल का म्हणून, वीस मिनिटं, थोडक्यात. तिला पेत्कानानं जे सांगायचं ते सांगितलं, आणि त्याचा भावार्थ मी सांगितला नाही. जसं आलं तसं दिलं.

माझा प्रश्न एकच होता, त्याचं उत्तर मिळालं. आता दुसरा आहे, पण तो कुठल्या लेखकाला विचारून उपयोग नाही.

थाळा अजून तिच्याकडेच आहे.